पंधरापैकी सहा

मी रुग्णालयात लोकांची स्मरणशक्ती तपासते. त्या दिवशी माझे दीर आपल्या छापखान्यातून थेट माझ्या खोलीत आले. सोबत त्यांची चौदा वर्षांची लेक.

"वहिनी, हिचीही घ्या ती चाचणी. वर्गात पहिली येते. कुणावर गेलीय ते कळू दे!"

"बाबा, गप्प बसा ना," पुतणी पुटपुटली.

पंधरा शब्द मी सेकंदाला एक या गतीने वाचले. पाच वेळा. मग अर्धा तास तिला चित्रं जुळवायला बसवलं आणि पुन्हा विचारलं. चौदा आठवले.

"बघा!" दिरांची छाती फुगली. "आज घरी पार्टी. हिलाही ग्लासभर बिअर. घरात चव घेतली की पोरं बाहेर तोंड घालत नाहीत."

हेच वाक्य माझ्या मुलीनेही ऐकलं होतं. शनिवारी ती प्रूफं तपासायला छापखान्यात जायची. मागच्या खोलीत काका ग्लास भरायचे. आधी अर्धा, मग पूर्ण, मग मागेल तितके. तीन वर्षं. मला कळलं तेव्हा ती सतराची होती आणि एकटीच लपून पीत होती. "राईचा पर्वत करू नका, वहिनी," एवढंच दीर तेव्हा म्हणाले होते.

मी खणातून दोन कागद काढले. ही चाचणी रुग्णालयात नवी आली तेव्हा मी मुलीवरच सराव केला होता. चौदाव्या वर्षी, तेरा शब्द. दुसरा कागद गेल्या महिन्यातला. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात दुसऱ्यांदा नापास झाल्यावर. सहा.

"हे ताईचे?" पुतणी वाकून बघू लागली.

"हो. तुझ्या वयात मेंदूचा आठवणी साठवणारा भाग अजून घडत असतो. दारू तिथेच घाव घालते. ताईला पहिला ग्लास तुझ्या बाबांनी दिला."

"वहिनी! पोरीसमोर काय हे?"

"पोरीसमोरच, भाऊजी. माझीही पोरच होती."

पुतणीने बापाकडे पाहिलं नाही. "काकू, त्यानेच झालं? नक्की?"

एका मुलीवरून कारण सिद्ध होत नाही. अपुरी झोप, ताण, नापासाची धास्ती, कशानेही आकडा घसरतो. अहवालात मी 'शक्यता आहे' असं लिहिते. वीस वर्षांत त्यापुढे गेलेले नाही. दीर त्याच दोन शब्दांची वाट बघत होते. चेहऱ्यावर दिसत होतं.

"नक्की," मी म्हणाले.

तिने बापाच्या हातातून आपलं दप्तर काढून घेतलं आणि एकटीच जिना उतरली. दीर खुर्चीतच राहिले. मी पुढच्या रुग्णाला हाक मारली.