बंद माईकचा मुख्य गायक

संगीताचे सर जास्त पगारावर दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी हातातला चहा संपायच्या आत सोडवून टाकला. भूगोलाच्या बाई नकाशे तपासताना गुणगुणतात, हे त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. झालं. शाळेचा गायनवृंद बाईंच्या गळ्यात पडला.

तक्रारीला जागा नव्हती. गुडघा धरला म्हणून खेळाच्या सरांना बुद्धिबळ मंडळ मिळालं होतं आणि एका मीटिंगमध्ये रडू आवरलं नाही म्हणून रसायनशास्त्राच्या मॅडमना नाट्यमंडळ. गुणांची पारख म्हणावी ती अशी.

"पण सर, मला सुरातलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या.

"कळायचंय काय त्यात? गातात मुलं. आपण समोर उभं राहून हात हलवायचे."

मुलं खरंच गायची. गिटार वाजवणारी मुलगी तर इतकी तयारीची होती की बाई तिच्याकडे बघूनच हात हलवायच्या. वार्षिक कार्यक्रमातलं एक गाणं असं निभून जाईल, असं बाईंना वाटायला लागलं, आणि नेमके तेव्हा साउंडवाले उगवले.

साउंडवाल्यांचं स्पीकरचं मोठं दुकान होतं, शिवाय ते पालक समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी सभागृहाला कपाटाएवढे दोन स्पीकर आणि माईकचा सगळा संच भेट दिला. स्पीकरवर दुकानाचं नाव अशा अक्षरांत होतं की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही चष्मा काढून वाचता यावं.

"अट वगैरे काही नाही हं," ते बाईंना म्हणाले. "फक्त आमच्या चिरंजीवांना पुढे उभं करा. आमच्या घरात गळा आहे."

गळा असेल घरात. पण चिरंजीवांपर्यंत येता येता तो फुटला होता. पोरगा नववीतला. एखादी ओळ तो बारीक आवाजात सुरू करायचा, मध्ये खरखर व्हायची आणि शेवट भलत्याच जाड आवाजात. वर्गाने त्याचं नाव 'रेडिओ' ठेवलं होतं.

पहिल्याच तालमीत गिटारवाली थांबली. "बाई, आम्ही गाण्याच्या मागे जायचं की याच्या?" तिने अदबीने विचारलं.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या ते सगळा संच उचलून घेऊन गेले तर? गाऊ द्या हो. गाणं संपतंच कधी ना कधी."

एके दिवशी तालीम संपली तरी रेडिओ घुटमळत राहिला. वायरी गुंडाळायच्या नव्हत्या, तरी गुंडाळत होता.

"बाई, माझा माईक बंद ठेवाल का?"

बाईंच्या मनात नेमकं हेच चाललं होतं, पण वर्गात खरं बोला म्हणून सांगणाऱ्या बाईंची जीभ उचलत नव्हती. "अरे, पण तुझे बाबा..."

"बाबांना त्यांच्या स्पीकरमधून येईल ते छानच वाटतं. मी ओठ हलवतो, मागचे गातील." त्याचे कान लाल झाले होते. "गायला आवडायचं मला. आता तोंड उघडलं की काय बाहेर पडेल, माझं मलाच ठाऊक नसतं."

बाईंनी हो म्हटलं. त्यांना आधी हायसं वाटलं, आणि मग आपल्याला हायसं वाटलं याची लाज वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. साउंडवाले पहिल्या रांगेत फोन उंच धरून बसले होते. मागची मुलं गात होती आणि पुढे नव्या कोटातला रेडिओ इतके झकास ओठ हलवत होता की क्षणभर बाईंचाही विश्वास बसला.

दुसऱ्या कडव्याला साउंडवाल्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्या दुकानाचा माईक, आणि मुका? ते ताडकन उठले आणि सरळ मंचावर चढले. बाई काय करणार, त्या हात हलवत राहिल्या.

"लूज आहे, वायर लूज आहे," साउंडवाल्यांनी लोकांना धीर दिला. गुडघ्यावर बसून वायर चाचपली, मग उठून माईकचं बटण सरकवलं आणि किल्ला सर केल्यासारखे लोकांकडे वळले.

रेडिओ वडिलांकडे बघत राहिला. मग माईककडे वाकला.

"बाबा, मीच बंद ठेवायला सांगितला होता. माझा आवाज फुटलाय. खाली बसा ना."

वाक्य बारीक सुरू झालं आणि जाड होऊन संपलं. मधली खरखर कणाकणासकट शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. माल खरोखर उत्तम होता.

गाणं थांबलं. मग रेडिओलाच हसू फुटलं, आणि मागोमाग सगळं सभागृह हसलं. साउंडवाले न हसता खाली जाऊन बसले. बाईंनी रेडिओचा हात धरून त्याला मागे नेलं, गिटारवालीने सरकून जागा दिली.

"पहिल्यापासून घेऊ," बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा गाणं बरं झालं. फार ग्रेट नाही, बरं.

नंतर व्हरांड्यात साउंडवाल्यांनी बाईंना गाठलं. "तुम्ही मला सांगायला हवं होतंत."

बाईंच्या ओठांवर चांगली झोंबणारी उत्तरं होती. पण त्या म्हणाल्या, "हवं होतं. पण तुम्ही संच परत न्याल, ही भीती होती."

साउंडवाल्यांनी हातातला फोन खिशात टाकला. "माझाही याच वयात फुटला होता," ते म्हणाले. "घरात सगळे चिडवायचे, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. कसं विसरलो कोण जाणे." आणि पोराला शोधायला जिन्याकडे गेले.

पुढच्या तालमीला रेडिओ न बोलावता आला आणि मागच्या रांगेत उभा राहून हळू आवाजात गाऊ लागला. एका ओळीत गाडी घसरली. शेजारच्याने त्याला कोपर मारलं, त्याने परत मारलं, आणि दोघं पुढची ओळ गायला लागले.