अर्ध्या तासाचा उशीर

इलोइलोच्या त्या इस्पितळात दहाची मेरिएंदा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, चुकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यात आज संगणक विभागातल्या मारिविकचा वाढदिवस. वाढदिवसाला आयुष्य वाढावं म्हणून लांब शेवयांचा पान्सित आणायचा असतो. तिने तो मोठं पातेलं भरून आणला होता.

त्या वासानेच घात केला. शेजारच्या टेबलावरचा जोमार चाचणीच्या सर्व्हरवरची जुनी यादी घाईघाईने पुसायला गेला आणि खऱ्या सर्व्हरवरची पुसून बसला. डायलिसिसच्या दोनशे बारा रुग्णांची औषधं गेली. बॅकअप शनिवारचा. तेव्हापासून निम्म्यांची औषधं बदललेली, आणि खाली बावीस जण यंत्राला लागायची वाट बघत होते.

"मनांग, मेलो मी!" जोमार म्हणाला. ती त्याच्याहून मोठी, म्हणून मनांग.

"मरशील नंतर. पुसलंस कधी?"

"दहा बाराला."

घड्याळात दहा छत्तीस. तेवढ्यात त्यांचे साहेब रोहेलियो धापा टाकत आले. "रडताय काय? सेबू शहरात राखीव सर्व्हर आहे की!"

"सर, तो इथली नक्कल करतो. इथे पुसलं की तिथेही पुसणार."

बोलता बोलता मारिविकला आठवलं. सेबूचा सर्व्हर बसवताना, चाचणीपुरतं म्हणून, तिने त्याला बजावलं होतं, की इथून आलेली नोंद अर्धा तास थांबूनच लागू कर. ते काढून टाक, असं सर काल म्हणाले होते. शेवया आणायच्या गडबडीत ती साफ विसरली होती.

म्हणजे दहा बेचाळीसपर्यंत वेळ होता.

पासवर्ड दोनदा चुकला. दहा चाळीसला सेबूचा सर्व्हर थांबला. तिने दहा अकरापर्यंतच्याच नोंदी लागू केल्या, यादी उघडली आणि मोजणी बघितली. दोनशे बारा. तिला हुंदकाच फुटला. जोमार तर जमिनीवरच बसला.

यादी परत आणून लावल्यावर खालून नर्सचा फोन आला. "दिसतायत हो औषधं! पहिल्या रुग्णाला घेतलं आत."

सरांनी घाम पुसला. "मारिविक, काल सांगितलेलं काम केलं नाहीस तू."

"विसरले, सर. शेवया आणायला गेले होते."

सरांनी ताटली पुढे केली. "वाढ भरपूर. आणि ते काम विसरलेलंच राहू दे."