घोंगडीखालचा सौदा

चांगुणाचं पत्र मी चष्म्याच्या डबीखाली ठेवलं होतं. चष्मा काढला की ते दिसायचं, घातला की वाचता यायचं, आणि उत्तर काही लिहून व्हायचं नाही.

पत्र सोनईहून आलं होतं. चांगुणा माझी जुनी विद्यार्थिनी आणि माझ्या शेजारच्या आबासाहेबांची एकुलती एक मुलगी. अक्षर अजून तसंच, ओळ संपत आली की खाली घसरणारं. तिनं लिहिलं होतं, "आबा कुणाशी बोलत नाहीत असं कळलं. आमच्या घरची मंडळी म्हणतात, पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. आईला लिहिता येत नाही. तुम्ही रोज आबांजवळ बसता. तुम्ही सांगाल तसं करू. आबा परत पहिल्यासारखे होतील का, एवढंच कळवा."

आता 'होतील' लिहावं, तर कशाच्या आधारावर? 'नाही होणार' लिहायला हात धजेना. एकदा 'बघू या' असं लिहिलं आणि फाडून टाकलं. जन्मभर शाळेत मुलांकडून उत्तरं लिहून घेतली, पण या प्रश्नापुढं मी ढ ठरलो होतो.

आबासाहेब काष्टीच्या बैलबाजारातले दलाल. आमच्या गावापासून काष्टी चालत जाण्यासारखी. त्या बाजारात बैलाचा भाव कुणी तोंडानं बोलत नाही. दोघंजण रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. वर पाऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली घासाघीस. आबासाहेबांचा हात रुमालाखाली गेला की दोन्हीकडची माणसं निश्चिंत असत. मला त्या बोटांमधलं काही कळत नव्हतं. माझ्या घरात बैल कधी नव्हता, पुस्तकं होती.

मग दुष्काळ आला. ज्यांच्या दावणीला आबासाहेबांनी स्वतः पारखून बैल बांधले होते, तीच माणसं तेच बैल घेऊन बाजारात उभी राहिली, आणि घेणारे शेतकरी नव्हते, खाटीक होते. आबासाहेब रुमाल खांद्यावर टाकून घरी आले. आधी त्यांचा बाजार सुटला, मग जेवण, मग बोलणं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वाऱ्या कमरेला लागल्या, लोक पुन्हा बैल बघायला लागले. हे मात्र घोंगडी पांघरून भिंतीकडं तोंड करून पडलेले.

मी आणि त्यांच्या पत्नी बायडावहिनी त्यांना नगरला एका डॉक्टरांकडं घेऊन गेलो. वहिनींनी विचारलं, "म्हातारपनानं व्हत असंल का असं?"

डॉक्टर म्हणाले, "म्हातारपण हा आजार नाही. यांना झालाय तो मनाचा आजार आहे. गोळ्या लिहून देतो. त्यांचा गुण यायला वेळ लागतो, म्हणून मध्येच सोडू नका. आणि यांना एकटं ठेवू नका. ते बोलले नाहीत तरी जवळ बसा."

'जवळ बसा' हे काम माझ्याकडं आलं. बोलण्यात मी आधीच कच्चा. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मी पुस्तक घेऊन जायचो आणि मोठ्यानं वाचायचो. हाताशी आलं ते मधमाश्यांवरचं. राणीमाशी, कामकरी माश्या, पोळ्यातली खोल्यांची रचना. वहिनी सुपात ज्वारी निवडत ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या माश्यांनी ह्यांना काय व्हतंय का न्हाई ठावं न्हाई, पर मला लई झोप येती."

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. गोळ्यांनी कधीकधी हाताला कंप सुटतो, तर लक्ष ठेवा. त्यामुळं वाचता वाचता मी डावा हात घोंगडीखाली सारून आबासाहेबांचा हात धरून बसायचो. हात गार असायचा, लाकडासारखा.

थंडीतल्या एका दुपारी तो हात हलला.

आधी माझं एक बोट दाबलं गेलं. मग सोडलं. मग दोन बोटं धरली गेली, थोडी ओढली गेली. हाच तो कंप. आता डॉक्टर गोळ्या बंद करणार, आणि सगळं मुसळ केरात. मला दुसरं काही सुचेना. मी त्यांची बोटं माझ्या मुठीत घट्ट आवळली आणि तशीच दाबून धरली. हात शांत झाला.

आणि भिंतीकडून आवाज आला, "बैल तुमचा झाला."

मी पुस्तकाकडं बघितलं. पुस्तकात बैल नव्हता.

वहिनींचं सूप हातातच राहिलं. "कोन बोललं?"

"मी," आबासाहेब म्हणाले. आवाज गंजल्यासारखा होता. "पाखऱ्या गुरुजीला दिला. भाव पटला." पाखऱ्या म्हणजे त्यांच्या गोठ्यातला बैल.

"कवा पटला?"

"आत्ता. मी सांगितला, त्यांनी हात दाबून धरला. नको असता तर काढून घ्येतला असता."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी अजून आबासाहेबांचा हात धरूनच बसलो होतो. मग त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. "अवो, गुरुजीला कासरा कुठल्या टोकानं धरायचा ह्ये तरी ठावं हाय का?"

"त्ये त्यांचं त्यांनी बघावं. सौदा मोडायचा न्हाई."

मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. चष्म्याची डबी बाजूला केली, कागद घेतला, 'चि. चांगुणा हिस अनेक आशीर्वाद. आबा बोलले' एवढं लिहिलं आणि थांबलो. एकदा बोलले म्हणजे बरे झाले का? उद्या नाही बोलले तर? मी कागद पुस्तकात ठेवून दिला.

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. तिसऱ्या दिवशीही. मी घोंगडीखाली हात सारला, तर त्यांनी हात आखडून घेतला. वाचताना एक ओळ मी दोनदा वाचली, तेही माझ्या लक्षात आलं नाही. आपण काहीतरी चुकीचं केलं, आनंद दाखवला तो घाईनं दाखवला, असं मनात सारखं घोळत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मला एकाएकी वाटलं, त्यांनी सौदा खरा मानला आहे. मग मी का नाही मानला? ज्या माणसाची एवढीच एक गोष्ट जागी आहे, ती आपण चेष्टेवारी नेली की काय? मी टोपी घातली आणि शेजारी गेलो.

"आबासाहेब," मी म्हणालो, "पाखऱ्या माझा आहे ना? मग मी तो आज काष्टीला नेतो. विकला की तुमचे पैसे देतो."

भिंत काही बोलली नाही.

वहिनी कुजबुजल्या, "गुरुजी, तुमाला झेपंल का? त्यो बैल बरा हाय, पर त्याला मान्सं कळत्यात."

पाखऱ्याला माणसं कळतात याचा प्रत्यय लगेच आला. मी दावं सोडलं, कासरा हातात घेतला आणि ऐटीत पुढं चालू लागलो. बैल जागचा हलला नाही. मी ओढला. त्यानं मान खाली घातली, मला एकदा नीट पाहिलं, आणि उलट्या बाजूला, हौदाकडं, शांतपणे चालायला लागला. मागं कासऱ्याला धरून मी. माझी टोपी पडली. ती उचलावी तर कासरा सुटतो, आणि कासरा धरावा तर टोपी तुडवली जाते. समोरच्या ओट्यावरून राहीबाई ओरडली, "वहिनी, बघा, बैल गुरुजीला पानी पाजाया नेतोय."

"अवो, थांबा."

आवाज ओसरीवरून आला. आबासाहेब दाराच्या चौकटीला धरून उभे होते. घोंगडी खांद्यावरून घसरलेली, दाढी वाढलेली, आणि चेहऱ्यावर राग. इतक्या दिवसांत त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग पाहून मला इतका आनंद झाला की मी कासरा सोडूनच दिला.

"सोडला. हानलं तिच्यायला," ते म्हणाले. "बैलाच्या म्होरं चालत्यात व्हय कुनी? त्याच्या बाजूनं चालायचं. बायडा, माजा पटका आन."

वहिनींनी पटका आणला. आबासाहेबांना तो नीट बांधता येईना. दोन वेढे सुटले. शेवटी वहिनींनीच बांधून दिला, आणि ते लहान मुलासारखे मान खाली करून उभे राहिले.

आम्ही निघालो. ते हळू चालत होते, मध्येच बांधावर बसत होते. एकदा म्हणाले, "परत जाऊ." मी म्हणालो, "जाऊ." पण आम्ही दोघंही उठलो नाही. पाखऱ्यानं कडेचं गवत खाल्लं. मग तेच उठले आणि काष्टीच्या बाजूनं चालू लागले.

बाजार भरला होता. मागच्या वर्षी जिथं हाडं हाडं झालेले बैल उभे होते, तिथं आता रंगवलेली शिंगं, नव्या वेसणी, गोंडे. धूळ, शेव-भजी, घंटांचा आवाज. मला गर्दीची भीती वाटते, पण त्या दिवशी माझ्या अंगात वारं शिरलं होतं. आबासाहेब मात्र पांढरे पडले होते. त्यांनी माझा दंड धरला.

एवढ्यात गहिनीनाथ समोर आला. तोही दलाल, आबासाहेबांचा जुना स्पर्धक, तोंडाचा फटकळ. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आबा? आमाला वाटलं तुमी गेला."

"गेल्तो," आबासाहेब म्हणाले. "आता आलो."

गहिनीनाथनं आपली तंबाखूची पिशवी त्यांच्यापुढं धरली. "घ्या. आन् ह्यो बैल कोनाचा?"

"गुरुजीचा."

"गुरुजी काय आता बैलाला धडा शिकिवनार?" आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो. मला लाज वाटली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं.

गिऱ्हाईक आलं ते छगन नावाचं, श्रीगोंद्याकडचं. त्यानं पाखऱ्याचे दात पाहिले, खूर पाहिले, आणि रुमाल काढला. मी आबासाहेबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "बैल तुमचा. हात तुमी घाला." मग माझ्या कानाशी येऊन त्यांनी मला बोटांचा हिशेब सांगितला, आणि शेवटी म्हणाले, "पटलं न्हाई तर काय करायचं?"

"हात काढून घ्यायचा."

"आन् आवळायचा न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशा हलल्या.

रुमालाखाली छगननं माझी बोटं धरली. ही तीन की चार? मी घाबरून हात काढून घेतला. त्यानं पुन्हा धरली. मी पुन्हा काढून घेतला. तो वाढवत गेला असावा, कारण त्याचा चेहरा उतरत गेला. "लई कडक मानूस हाय," असं म्हणत त्यानं रुमाल झटकला आणि दुसऱ्या दावणीकडं निघून गेला.

आबासाहेब हसले. आवाज न करता, पोट धरून हसले. "अवो, त्यानं चांगला भाव दिल्ता. तुमी काडूनच घेता."

"मग आता?" मी ओशाळून विचारलं. बैल विकला गेला नाही, ते दमून कडुनिंबाखाली टेकले होते, आणि सगळा खटाटोप मी मातीत घातला होता.

त्यांनी पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आता काय. पुडच्या बाजारी बघू."

त्यांनी हे सहज म्हटलं. त्यांना काही विशेष वाटलं नसावं. पण मी जागच्या जागी उभा राहिलो. इतके महिने त्या माणसाला उद्या नव्हता. वहिनींनी 'उद्या काय करू' विचारलं, तरी मान वळायची. आणि आता बाजाराच्या धुळीत बसून त्यांनी आठवडाभर पुढचं बोलून टाकलं होतं.

घरी आल्यावर मी टोपी न काढताच लिहायला बसलो. लिहिलं, "आबा पहिल्यासारखे होतील का, ते मला अजून माहीत नाही. काही सकाळी ते उठत नाहीत. गोळ्या चालू आहेत. नगरच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवणार आहोत, आणि पुण्याला न्यायचं का हे त्यांनाच विचारू. पण आज आबा माझ्याबरोबर काष्टीला आले. बाजारात बसून म्हणाले, पुढच्या बाजारी बघू. तू त्या बाजाराला आलीस तर त्यांना आवडेल. पाखऱ्या सध्या माझा आहे. भाव विचारू नकोस, तो सांगायचा नसतो."

शेजारी जाऊन मी ते वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "खरं तेवडंच लिवलं, ब्येस झालं." आबासाहेब डोळे मिटून पडले होते. "बैलाला पानी दावलं का ते लिवा," म्हणाले. 'आता दाखवतो' असं मी तेही लिहिलं.

चावडीजवळच्या पेटीत पत्र टाकलं. लगेच शंका आली, तालुका नेवासा लिहिलं की नाही. मी पेटीच्या फटीत बोटं घालून चाचपलं. पत्र खाली पडलं होतं, हाताला लागेना. मी हात काढून घेतला आणि पाखऱ्याला पाणी दाखवायला गेलो.