मागचा पाळणा

आकाराम कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढायचा आणि गिलासात वर येणारा फेस बघता बघता कुठंतरी निघून जायचा. फेस पांढरा, सिनेमाचा पडदाही पांढरा. गिलास ओसंडायचा, समोरचं गिऱ्हाईक वराडायचं, "ओ मालक, जागं हायसा न्हवं?"

हे येड लागलं अकरा वर्षांपूर्वी. 'लाजू नका पावणं' नावाचा एक चावट पिक्चर तेव्हा इथं शूट झाला. त्यात नवीन लग्न झालेला हिरो कट्ट्यावर दुसरा गिलास मागतो आणि आकाराम म्हणतो, "पावणं, दुसरा नको. जुळी हुत्यात." बास, एवढंच. पण थेटर उठलं. शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या, एक चप्पल पंख्याला लागली. आणि शेजारी बसलेली त्याची बायको बायडाबाई, जी लग्नापासून त्याच्या एकाही विनोदाला हसली नव्हती, तिला आधी उचकी लागली, मग पदर तोंडात गेला, आणि मग ती हसता हसता खुर्चीवरनं खाली घसरली. दोघांनी धरून वर बसवली.

तेव्हापासून पुन्हा ती तशी हसली नाही. दुसऱ्या भागात आकारामला कुणी बोलावलं नाही. घरात त्यानं लाख प्रयत्न केले. बायडाबाई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं? मग जावा, पेंड आणा."

आणि तिसऱ्या भागाचं बोलावणं आलं! पन्हाळ्याच्या पायथ्याला दोन दिवस शूटिंग. तोच हिरो, तोच गिलास, चंद्री म्हैस आकारामच्या घरची. डायलॉग नवा, "पावणं, आधी मागचा पाळणा परत करा, मग गिलास भरतो." आठ महिने आकारामनं तो बायकोपासून चोरून ठेवला. तिला थेटरातच ऐकवायचा होता. परत एकदा ती घसरायला पायजे होती.

शुक्रवारी पिक्चर लागला. दुपारी एकचा शो, आकारामनं तालमीची चाळीस माणसं बोलावली. आता कोल्हापुरात माणूस बोलावला आणि न जेवता थेटरात बसवला, असं कसं हुईल? अकरा वाजता पंगत बसली. तालमीचे वस्ताद राजवर्धन यांनी पांढऱ्या रश्श्याच्या नऊ वाट्या घेतल्या आणि दहावी "चवीपुरती" म्हणून घेतली. पेंडीच्या दुकानाचे मालक बाबासो हे जैन, त्यामुळं ते मटणापासून लांब बसले आणि बासुंदीचं पातेलं जवळ ओढलं. बायडाबाईनं सगळ्यांना वाढलं. तिचा शुक्रवारचा उपास, मूठभर शाबूवर भागवलं.

थेटरात गार एसी, मऊ खुर्च्या. पिक्चर सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटं पडद्यावर स्वच्छतेची प्रतिज्ञाच चालली. झालं असं, की निर्मात्याला मधल्या काळात आमदारकीची स्वप्नं पडायला लागली होती. त्यामुळं जो हिरो मागच्या दोन भागांत खिडक्यांतनं उड्या मारायचा, तो आता शोषखड्डे खणत होता. हिरोईन डोक्यावरनं पदर घेऊन रोपं वाटत होती.

"अरं, ह्यो पिक्चर हाय का ग्रामसभा?" वस्ताद वराडले.

त्या रांगेतलं ते जागेपणीचं शेवटचं वाक्य. मग पांढऱ्या रश्श्यानं आपलं काम केलं. एकेक मान कलली, रांगच्या रांग आडवी झाली. आकाराम डोळे ताणून बसला होता, आपला शीन आता येईल, आता येईल...

पडदा दुधासारखा हलला. त्यातनं चंद्री बाहेर आली आणि पायऱ्या उतरून शेजारच्या खुर्चीवर रवंथ करत बसली. पन्हाळ्याचं धुकं आत शिरलं. बघतो तर सगळी तालीम रंकाळा तळ्यावर तरंगतीया, जो तो आपापल्या पाळण्यात, वस्ताद लंगोटावर. कुणाला वजन नाही. धुक्यातनं हिरो आला, त्यानं गिलास पुढं केला. आकाराम सावकाश उठला, हात लांब केला आणि डायलॉग टाकला. आणि त्या पांढऱ्या फेसात कुठंतरी, अकरा वर्षांपूर्वीची ती उचकी. मग ते हसणं.

"उठा पावणं, पुढचा शो हाय," डोअरकीपर म्हणाला.

दिवे लागले होते. पडद्यावर नावंसुद्धा संपली होती.

बाहेर येताच वस्तादांनी पाठीत थाप घातली. "आका, नाद खुळा! त्या विहिरीत उडी मारलीस तवा तर काटा आला."

"आणि हिरोईनला म्हशीवर घिऊन पळालास की!" बाबासो डोळे चोळत म्हणाले.

"म्हशीवर कुठं? बुलेटवर," मागनं कोणतरी.

झोपलो होतो, असं एकानंही कबूल केलं नाही. आकारामचं तोंड उतरलं. गाडीपाशी आल्यावर त्यानं बायडाबाईला हळूच विचारलं, "तू तर जागी हुतीस?"

"व्हय की. उपाशी माणसाला कुठली झोप?" ती स्कूटरवर बसत म्हणाली.

"मग माझा शीन?"

"आला की. चंद्री दिसली. तुमचा नुसता हात दिसला, घड्याळावरनं वळखला. आणि म्हणालासा, 'पावणं, दूध प्या, झाडं लावा.' आवाजबी दुसऱ्याच कुणाचा तरी."

आकाराम मटकन फुटपाथवर बसला. आठ महिने जपलेला डायलॉग, आणि त्याचं झाड झालं. "म्हंजे हसली न्हाईस."

"त्याला कोण हसंल? मी आपली गप बसलेली. तर तुम्ही झोपंत उठून हुबं ऱ्हायलासा, हात असा लांब केलासा, आणि अख्ख्या थेटरात वराडलासा की, आधी मागचा पाळणा..."

पुढचं तिला बोलताच आलं नाही. उचकी लागली. पदर तोंडात गेला. बायडाबाई सीटवरनं एका अंगाला घसरायला लागली, तसा आकाराम धडपडत उठला आणि एका हातानं स्कूटर, एका हातानं बायको धरून तिथंच उभा राहिला.

आत पुढच्या शोची प्रतिज्ञा सुरू झाली होती.