फांदीला टांगलेली पिशवी

अस्थी जमिनीवर ठेवायच्या नाहीत, एवढं नंदकिशोरला झाडून साऱ्यांनी बजावलं होतं. बाकी कुणी काही सांगितलं नाही, आणि माणूस नेमका न सांगितलेल्या ठिकाणीच आपटतो.

यवतमाळहून वणीची गाडी निघाल्यापासून वडिलांच्या अस्थींची पिशवी त्याच्या मांडीवर होती. वणीला बहीण भैरवी राहायची. तिथून पुढे वर्धा नदीवर आज दहाव्याचे विधी होते. भटजी, नातेवाईक वाट पाहत होते. करंजी फाट्यावर गाडी चहाला थांबली. अस्थी घेऊन हॉटेलात शिरायचं नाही, खाली ठेवायच्या तर नाहीतच. म्हणून त्यानं पिशवी बाहेरच्या कडुनिंबाला टांगली. वडील, सदाशिवराव, दर सोमवारी लेकीकडे जाताना इथंच चहा घ्यायचे. 'घरी काय चहा मिळत नाही?' असं तो त्यांना टोमणा मारायचा.

चहा संपतो न संपतो तोच बोंब उठली. कापसाच्या भावासाठी शेतकरी बैलगाड्या घेऊन हायवे अडवायला येत होते. 'आत्ता निंगालो तं निंगालो,' म्हणत ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कंडक्टरची डबल बेल वाजली की आपला माणूस हातात काय आहे ते पाहत नाही, जागा पाहतो. नंदकिशोर धक्के देत चढला. खिडकी मिळाली. बेट्याला आनंदही झाला.

हायवे ओलांडून गाडी बरीच पुढं आल्यावर त्याचं लक्ष रिकाम्या मांडीकडे गेलं.

पिशवी कडुनिंबालाच राहिली होती. पिशवीत तांब्याचा लोटा होता. तांब्याच्या लोभानं कुणी तो नेला, तर आतलं नालीत ओतून मोकळा होईल. गाडी थांबवून तो उतरला आणि एका दूधवाल्याच्या मागे बसून परत फिरला. तोवर हायवेवर बैलगाड्यांची भिंत उभी राहिली होती. एका तरण्यानं काठी आडवी केली.

'इकून कोनी जात नाही.'

'बाबांच्या अस्थी पलीकडे राहिल्या,' नंदकिशोर म्हणाला.

त्या पोरानं काही न विचारता आपले बैल बाजूला ओढले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत तिथल्या गर्दीला असली गोष्ट दोनदा सांगावी लागत नव्हती.

हॉटेलातली माणसं पांगली होती. कडुनिंबाखाली मात्र चहा करणारी, तांड्यावरची बाई बसली होती आणि तिच्या डोक्यावर पिशवी होती तशी लटकत होती. नंदकिशोरला रडूच आलं.

'तुमची हाय का, दादा?' तिनं विचारलं. 'झाडाले टांगली म्हंजे काय हाय ते समजते. मोर्चेवाले बैल बांधाले आलते. म्या नाही बांधू देले.'

त्यानं नुसते हात जोडले.

'मले वाटलं, आज सोमवार, पेपरवाले बाबा येतीन,' ती बोलत राहिली. 'यवतमाळचेच हायेत. साऱ्यायले वळखते. कोनाचं मानूस हाय हे, त्यायनं बराबर सांगतलं असतं. मांगच्या सोमवारीबी आले नाही.'

नंदकिशोरनं विचारलं, 'दिसायला कसे आहेत?'

'काळी टोपी. चहा बशीत वतून पेते. माह्यासाठी पेपरातला कापसाचा भाव वाचे, मंग इचारे, रुपीबाई, वावरातली पऱ्हाटी कशी हाय. तुमी वळखता का?'

एका घरात जन्म काढून त्याला हे ठाऊक नव्हतं. स्वतःच्या टोमण्याची त्याला शरम वाटली. त्यानं पिशवी सोडली आणि दोन्ही हातांत धरली.

'मावशी,' तो म्हणाला, 'हेच ते.'

रुपीबाई पिशवीकडे पाहत राहिली. लांब हायवेवर घोषणा चालू होत्या.

'आन् मी इतका वेळ इचार करून राह्यली, का बाबा काहून येऊन नाही राह्यले,' ती हळूच म्हणाली. मग तिनं हात पदराला पुसले आणि पुढं केले. 'द्या माह्यापाशी. तुमी गाडीचं पाहा.'

त्यानं पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि गाडी शोधायला निघाला.