टायरातला काटा

मागचं चाक दुसऱ्यांदा बसलं, तेव्हा इस्त्रीवाली सायकलवरून उतरली आणि कॅरिअरवरचं गाठोडं सोडू लागली. त्यात हॉटेलच्या वाढप्यांचे इस्त्री केलेले शर्ट होते, जेवणाच्या वेळेआधी पोचायला हवे होते. एरवी तिने रस्त्याचा आणि रस्ता करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता चाक बसलं काय नि फिरलं काय, तिला सारखंच.

नवरा गेल्यापासून हे असंच चाललं होतं. दुकान दोघांचं. ती इस्त्री करायची, तो सायकलवरून कपडे पोचवायचा. तो गेला आणि ती रडली नाही. घरात कुजबुज सुरू झाली. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी मोजायची भारी हौस! धाकटी नणंद तर तोंडावर म्हणाली होती, "वहिनी, तुला दादाचं काहीच नव्हतं का गं?" तिला राग आला नाही. भीती वाटली. खरंच नसेल तर?

तीच नणंद आज दुसऱ्या सायकलवर, दुसरं गाठोडं घेऊन सोबत निघाली होती.

"मघाशी ठिगळ नीट बसलं नसेल," पंप काढत ती म्हणाली.

इस्त्रीवालीने चमच्याच्या दांड्याने टायर रिमवरून सोडवला, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरून गालाजवळून फिरवली. ठिगळ घट्ट होतं. त्याच्या शेजारीच वारा लागला.

"काटा आतच राहिलाय."

मघाशीही तिने टायरच्या आतून बोटं फिरवली होती. पण इस्त्री धरून धरून निबर झालेली ती बोटं, त्यांना काय कळणार! हे काम नवऱ्याचं. ती ट्यूब धरून बसायची, तो आतून चाचपायचा आणि चिडवायचा, "तुझ्या हातावर निखारा ठेवला तरी विचारशील, गरम आहे का म्हणून!" आणि काटा मिळाला, की वाघ मारल्यासारखा तळहातावर ठेवून तिला दाखवायचा.

नवीन भोकाला ठिगळ लावून झालं. तिने पुन्हा बोटं फिरवली. काही नाही. मग तिने हात उलटा केला. मनगटाची आतली बाजू अजून मऊ होती. ती टायरच्या आतून हळूहळू सरकवत नेली.

टोचलं. चांगलंच टोचलं, रक्त आलं. तिने नखांत धरून काटा उपसला, तळहातावर ठेवला आणि मागे वळून म्हणाली,

"अहो, सापडला!"

मागे नणंद उभी होती. पंप हातात तसाच धरून ती वहिनीकडे बघत राहिली.

"दुखतंय गं," इस्त्रीवाली म्हणाली. "फार दुखतंय."

आणि ती शर्टांच्या गाठोड्यावरच मटकन बसली आणि रडू लागली. नणंद तिला बिलगून शेजारी बसली. साऱ्या घड्या मोडल्या.