जुळलेले पाय

रबरी शार्कचं नाव सेटवर 'मावशी' पडलं होतं. सव्वा टनाचं ते धूड एकदा पाण्यात सोडलं की जबडा उघडायचा तो काही केल्या मिटायचा नाही, आणि मावशी पंगतीत वाढप्याची वाट बघत बसल्यासारखी टाकीच्या तळाशी आ वासून पडायची. चार दिवस तिची मनधरणी केल्यावर दिग्दर्शिकेने हात टेकले.

"मासा दाखवायचाच नाही," ती म्हणाली. "मासा काय बघतो ते दाखवायचं."

म्हणजे मासा व्हायचं ते कॅमेरामनने. तीस वर्षं साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिराती काढून त्याचा जीव विटला होता. त्यात नायिकेला पोहता येत नव्हतं आणि तिच्याऐवजी पाण्यात उतरायला निवडली होती ती त्याचीच मुलगी. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं त्याला झालं.

मुलीच्या कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि ती दोरी तळाच्या कडीतून फिरून काठावरच्या दोरीवाल्याच्या हातात. त्याने ओढली की मुलगी हातभर पाण्याखाली, सैल सोडली की वर. आता भानगड अशी, की हातपाय झाडणं हा तर अभिनयच होता. मग खरोखर जिवावर बेतलं तर कळणार कसं? खूण बापानेच ठरवली.

"पाय जुळवायचे आणि अजिबात हलायचं नाही. बुडणारं माणूस असं कधी करत नाही. पाय जुळले की मी कॅमेरा टाकून वर आलोच."

"नक्की ना, बाबा? तुझा जीव माझ्यापेक्षा कॅमेऱ्यातच जास्त."

"वेडी आहेस का," तो म्हणाला.

पहिले सहा प्रयत्न फुकट गेले. "बाप बघतोय असं दिसतंय," दिग्दर्शिका काठावरच्या छोट्या पडद्याकडे बघत म्हणाली. मुलगी शेजारीच टॉवेल गुंडाळून उभी होती. "मला भूक हवी. आणि घाई नको. जवळ जा, आणि चावायच्या आधी थांबा. लोक दातांना घाबरत नाहीत हो, त्या थांबण्याला घाबरतात."

सातव्या वेळी तो तळाशी गेला तेव्हा त्याने मुलीच्या चेहऱ्याचा विचार सोडून दिला. वर उजेड होता आणि उजेडात दोन पाय होते. डाव्या घोट्यावर सायकलवरून पडल्याचा व्रण होता. ती जखम त्यानेच फुंकर घालत धुतली होती. आता तो व्रण म्हणजे फोकस धरायला सोयीचा एक ठिपका होता.

दोरी ओढली गेली. पाय झाडले गेले, चांगले झाडले गेले. मग ते जुळले. अंगठ्याला अंगठा लागला आणि हालचाल थांबली. ते इतके देखणे दिसत होते की त्याला भूक लागल्यासारखं झालं. तो थांबला. आणि मग पुढे सरकला.

तेवढ्यात वरून धपकन कोणीतरी उडी मारली. दोरी कडीत अडकलीय हे दोरीवाल्याच्या हाताला कळलं होतं. सुरी घेऊन तोच उतरला आणि त्याने ती कापली. मुलगी वर आली, खोकली, ओकली. वाचली.

"मला दिसलंच नाही गं," बाप तिच्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाला. "पाणी फार गढूळ होतं."

दातावर दात वाजत होते, तरी तिनेच त्याची समजूत घातली. "असू दे, बाबा. आहे ना मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ते दृश्य बघायला बसले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. पाय जुळले. कॅमेरा थांबला, आणि पुढे सरकला. पाय जुळल्यापासून दोरी कापेपर्यंत अकरा सेकंद.

"याला म्हणतात मासा!" दिग्दर्शिका उभी राहिली. "काय थांबलाय बघा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी पुढच्या रांगेत बसली होती. ती वळून बघेल म्हणून तो वाट बघत राहिला, पण ती वळली नाही. त्याला लाज वाटली. खरं सांगायचं तर अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाने तो जास्त हादरला.

घरात दोघंच राहायचे. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. 'दिसलं होतं मला,' एवढंच त्याला सांगायचं होतं. तो अनवाणीच घरातल्या बोळातून तिच्याकडे निघाला. ओट्यापासून चार पावलांवर आला असेल नसेल, तिला चाहूल लागली. तिने नळ बंद केला. डावा पाय हळूच उजव्याजवळ सरकला. अंगठ्याला अंगठा लागला, आणि ती अजिबात हलेना.

या वेळी त्याला खूण पहिल्या क्षणाला दिसली. तो जागच्या जागी थांबला. आणि थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाठमोऱ्या तिला आता एवढंच कळत असेल, की तो थांबलाय.